एकट्या बिराचे केस

सकाळी साडेसातला हातकळीच्या घाटावर वस्ताद गणपत शेळके ऊर्फ आबा यांच्या दहाव्याला त्यांच्या तालमीतल्या पैलवानांनी मुंडण केलं. एकानं केलं नाही.

त्याचं नाव बिरदेव लवटे. तालमीतला सगळ्यात थोरला पैलवान. खांद्यापर्यंत आलेले केस मागे करकचून बांधून तो वरच्या पायरीवर उभा होता. खाली वारणेच्या पाण्याजवळ पोरं ओळीनं मांडी घालून बसली होती आणि न्हावी एकेक डोकं उरकून पुढं सरकत होते. भादरलेले केस पायरीवरून पाण्यात जात होते.

"वस्ताद गेला तरी ह्येची वेणी सुटंना," ओळीतलं कुणीतरी वर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं.

"आरं, त्येचं क्यास इमानानं जानार हायत. आपलं चाललं वारणंतनं."

हसू दाबल्याचा आवाज आला. वस्तादांचा मुलगा सुहास नुकतंच डोकं करून उठला होता. ओल्या पंच्यानं मान पुसत तो म्हणाला, "गप बसा. त्याची अडचण हाय."

बिरा दोन पायऱ्या खाली आला. "दादा, फुडचं तेवढं काढू का? मागचं ठिवतो."

"अर्धं डोकं करून गावात फिरणार आहेस? आबांनी तुला मोकळं केलंय, बिरा. जा घरी."

बिरानं नदीकडे तोंड करून हात जोडले, चपला हातातच घेतल्या आणि घाट चढून निघून गेला.

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकाची तालुका वार्ताहर होते. मुंडण केलेल्या पैलवानांची ओळ, मागं नदी, असा फोटो मी घेतला. सुहास जवळ आला. "ताई, बिराचं नाव घालू नका. आधीच लोक टोचतायत. एवढंच लिहा, की आबांना पोरांनी बापाचा मान दिला." मी तसंच लिहिलं. फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आला.

बिराचं प्रकरण गावात सगळ्यांना माहीत होतं. त्या हिवाळ्यात राष्ट्रीय संघाच्या निवड चाचणीत त्याच्या लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल सापडलं होतं. ताकद वाढवणारं, बंदी असलेलं औषध. त्यासाठी चार वर्षांपर्यंत बंदी होऊ शकत होती, निकाल उत्तेजकविरोधी शिस्त समिती देणार होती. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात निवड झाली होती, तिची ऑर्डर थांबली. आपण काही घेतलं नाही, असं बिरा सांगत होता. सापडलेला प्रत्येक जण तसंच सांगतो. माझ्याकडे विश्वास ठेवायला कारण नव्हतं आणि न ठेवायलाही नव्हतं.

आबांनी त्याला सांगलीच्या ॲडव्होकेट इनामदारांकडे नेलं तेव्हा मलाही बोलावून घेतलं. वकिलाच्या खोलीत पेपरवाली कशाला, असं सुहासनं विचारलं. आबा म्हणाले, "असू दे. मागनं कोन बदलाय नगं."

इनामदार साठीचे, हळू बोलणारे. खेळाडूंची अशी दोनचार प्रकरणं त्यांनी चालवली होती. बिराच्या केसांकडे बघत त्यांनी विचारलं, "हे कधीपासून वाढवलेत?"

"बिरोबाचा नवस हाय. राष्ट्रीय पदक मिळंपर्यंत कातरी लावायची न्हाई."

"बरं झालं. लघवी त्या दोनचार आठवड्यांचं सांगते. केस मागचं सांगतात. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. मुळापासून तुकडे करत गेलं, की कुठल्या महिन्यात काय पोटात गेलं याचा माग लागतो. परदेशात एक प्रयोगशाळा हे करते. एकदाच चुकून चिमूटभर गेलं असेल तर केसात बहुतेक काही सापडणार नाही. रोज जात असेल तर सापडेल."

"म्हंजे माझा पोरगा चोर का साव, ते आता न्हावी सांगनार," आबा म्हणाले.

"समितीनं ते मानलंच पाहिजे असं नाही. पण बचावात मांडता येतं."

"आन् केसात बी घावलं तर?"

"तर प्रश्न उरतो, की यानं स्वतः घेतलं की कुणी दिलं. हा खातोपितो कुठं?"

"तालमीत. आमच्याकडं एका कुंडीचा खुराक असतोय."

इनामदारांना ते कळलं नाही, म्हणून आबांनी समजावलं. इतर तालमींत ज्याचा त्याचा खुराक असतो. श्रीमंताचा पोरगा बदाम खातो, गरिबाचा भिजलेले हरभरे. आबांना ते खपत नसे. त्यांच्या तालमीत संध्याकाळी एका मोठ्या कुंडीत बदाम, खसखस, मिरी, बडीशेप घोटून थंडाई व्हायची. पहिला पेला मारुतीपुढं, मग थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना तीच. बाहेरचं काही आणायचं नाही आणि पेला परत करायचा नाही.

"मग सोपं आहे," इनामदार म्हणाले. "त्याच कुंडीतलं पिणाऱ्या चौघांचे केस घेऊ. त्यांच्यातही सापडलं तर याचा दोष हलका होतो. नाही सापडलं तर याचं अवघड आहे."

सुहास तोवर मोबाइलमध्ये बघत होता. त्यानं मान वर केली. "बाकीच्यांचं बारीक असतंय, साहेब. चिमटीत येत नाहीत."

"डोक्याचेच पाहिजेत असं नाही. छातीचे चालतात, काखेतले चालतात. ते उलट जास्त मागचं धरून ठेवतात."

आबा म्हणाले, "पैलवानाच्या काखेतला क्यास. घेनाऱ्याला आदी आमचा खुराक चालू करा."

इनामदारांसकट सगळे हसलो. जिना उतरताना आबांनी बिराच्या केसांची गाठ मुठीत धरून हलवली. "जप ह्येला. देवाचं हुतं, आता वकिलाचं बी झालं."

परदेशातून नमुना घ्यायचं साहित्य यायला महिनाभर लागणार होता. तेवढ्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. ते उठलेच नाहीत.

घाटावरच्या त्या सकाळनंतर थोड्या दिवसांनी मी तालमीत गेले. आबांवर पुरवणी काढायची होती, जुने फोटो हवे होते. बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही अशी तिथली रीत, म्हणून मी नेहमीसारखी बाहेरच्या कट्ट्यावर बसले. आत हौद्यात माती उकरण्याचं काम चाललं होतं. गजा सुतार नावाचा दांडगा पैलवान दाराच्या चौकटीला पाठ लावून वरखाली होत होता.

"म्हशीगत काय घासतुयास रं?" आतून कुणीतरी विचारलं.

"तुला काय हुतंय बोलाय? तुझ्या अंगावर हुतं काय? माझ्या छातीवर रान हुतं रान. आता नुस्ती खुटं. कूस बदलली की टोचत्यात."

"बायकोला टोचत न्हाईत न्हवं?"

"आरं ए, ताई बसल्यात भाईर."

गजा ओशाळून चौकटीपासून बाजूला झाला. मी विचारलं, "गजा, दहाव्याला डोकं करतात. छाती कुणी करायला सांगितली?"

"आबांची इच्छा हुती न्हवं. अंगावर एक क्यास ठिवायचा न्हाई, असं सांगून गेलं म्हनं. डोकं घाटावर झालं. मग हितं येऊन न्हाणीत एकमेकाचं अंग केलं सगळ्यांनी."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. सुहासदादा हुबा हुता की."

"अशी रीत आहे तालमीची?"

"काय ठावं बा. ह्येच्या आदी कोन वस्ताद मेल्याला आमी बघितलाच न्हाई."

आतली पोरं हसली. मी फोटो मागितले, ते घेतले, आणि तालमीच्या मागच्या घरात आबांच्या पत्नीकडे गेले. गाव त्यांना काकी म्हणायचं.

काकी सोप्यात नुसत्या बसून होत्या. रोज दुपारी भिजवलेले बदाम सोलायला त्यांच्याकडे यायचे. वर्ष झालं, ते यायचे बंद झाले होते. खुराकाचं सगळं सुहास बघत होता.

"काकी, आबा जाताना काय बोलले?"

"बोलत्यात कशानं? जीभ लुळी पडलेली. नुस्तं आ आ करायचं."

"मग सगळ्यांनी मुंडण करावं हे कसं सांगितलं?"

"हातानं." काकींनी आपला हात डोक्यावरून मागं नेला, मग गळ्याखालून छातीवर आणला. "असा फिरवला बग. सुहासनं इचारलं, समद्यांनी काढायचं का? डोसकं, अंग, समदं? तवा त्येंनी डोळं मिटलं. मला वाटलं तेल मागत्यात. रोज सांजच्याला पोरांकडनं अंगाला तेल लावून घ्यायची सवं हुती."

"तुम्ही होता तिथं?"

"दारात हुते."

"बिरा आला होता भेटायला?"

"आल्ता. दोनदा. डाक्टर गर्दी नगं म्हनलाय, असं सुहासनं सांगितलं त्येला."

"आबांच्या वस्तादांच्या वेळी सगळ्यांनी केली होती का डोकी?"

"न्हाई. ह्येंनी एकट्यानं. थोरल्या चेल्यानं करायची असत्यात. बाकीची नदीला जाऊन अंगूळ करत्यात." मग म्हणाल्या, "आता मान मोठा होतोय म्हनं. सुहास म्हनला."

रीतीप्रमाणं बघितलं तर एकट्या बिरानं डोकं करायचं आणि बाकीच्यांनी ठेवायचं. घाटावर नेमकं उलटं झालं होतं.

सुहास खुराकाच्या खोलीत होता. ती तालमीच्या बाहेरच्या अंगाला होती, त्यामुळं मला तिथं जाता येत होतं. रिकाम्या फळीवर तो वर्तमानपत्र अंथरत होता. मी सरळ विचारलं. त्यानं सरळ उत्तर दिलं.

"आबांनी हातानं दाखवलं. मी विचारलं, त्यांनी डोळे मिटले. आईनं बघितलंय."

"त्यांना तेल हवं असेल, असं काकींना वाटलं."

"आईला वाटलं असंल. बाप माझा होता."

"छातीचे केस चालतात असं वकील म्हणाले तेव्हा तुम्ही तिथं होता."

"तुम्हीही होता. आबाही होते." त्यानं वर्तमानपत्राची घडी नखानं सपाट केली. "ताई, मला वाटलं म्हणून केलं असं तुम्हाला लिहायचं असंल, तर लिहा. पण आबांनाच तसं हवं होतं, असं निघालं तर काय लिहिणार? चौकात कमान उभी राहतीय त्यांच्या नावाची."

"थंडाई कोण घोटायचं?"

"पाळी असायची."

"कुंडी दिसत नाही."

"फोडली. आबा गेले त्या दिवशी. वस्ताद गेला की कुंडी फोडतात."

तशी रीत आहे का, हे मी पुढं आसपासच्या तीन तालमींत विचारलं. एकीत म्हणाले, असेल. दोन ठिकाणी कुणी ऐकलं नव्हतं.

परदेशातलं साहित्य आलं तेव्हा नमुना घेणारा माणूस मुंबईहून इनामदारांच्या कचेरीत आला. बिराला खुर्चीत बसवून त्यानं डोक्याच्या मागच्या भागातली पेन्सिलीएवढी बट दोऱ्यानं बांधली, कातडीलगत कापली आणि मुळाकडचं टोक कुठलं ते खूण करून पाकिटात घातली. बिरा ताठ बसला होता. कात्री वाजली तेव्हा त्यानं डोळे मिटून ओठ हलवले. बिरोबाची माफी मागितली असावी.

इनामदारांनी बाकीच्या पैलवानांचं विचारलं. सुहास म्हणाला, "साहेब, आबांच्या दहाव्याला सगळ्यांचं मुंडण झालं. पेपरला फोटो आला होता."

"अंगावरचे?"

"रीतीत सगळंच काढतात."

इनामदारांनी माझ्याकडे बघितलं. सुहास समोर होता. मी तिथं काही बोलले नाही.

अहवाल आला तेव्हा पावसाळा संपत आला होता. इनामदारांनी तो मला वाचून दाखवला. बिराच्या केसाच्या प्रत्येक तुकड्यात औषध होतं. थोडं, पण प्रत्येकात, आणि जवळपास सारखं.

"एकदाच चुकून गेलं, हे आता म्हणता येत नाही," ते म्हणाले. "मागचे कित्येक महिने नेमानं जात होतं."

"तो स्वतः घेत असेल."

"असेल. किंवा कुंडीतून जात असेल. ते ठरवायला शेजाऱ्याचे केस लागतात. एकाचे जरी असते तरी पुरे होते."

"आता जे उगवलेत?"

"जे उगवलेत ते कुंडी फुटल्यानंतरचे. त्यांच्यात काय सापडणार?"

तेव्हा मी गजानं आणि काकींनी सांगितलेलं त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वकिलाच्या तोंडून निघालेली गोष्ट, आणि महिन्याच्या आत तेवढीच नाहीशी. हे प्रतिज्ञापत्रावर आलं तर समितीला विचार करावा लागेल. बंदी निम्म्यावर येऊ शकते. पण ते बिरदेवनं मांडायला हवं. पक्षकार तो आहे."

बिरा त्या दिवसांत गावच्या दूध संकलन केंद्रात काम करत होता. मी गेले तेव्हा दुपारची सामसूम होती. तो मोकळे कॅन धुऊन उपडे घालत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं, छातीचेही काढले ते?"

"गजा बोलला. दहाव्याच्याच दिशी."

"मग वकिलांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आबांनी आमाला इख पाजलं म्हनून सांगू?"

"आबांचं नाव कशाला? सुहासनं केलं असेल."

"आसंल." त्यानं एक कॅन उलटा करून पाणी निथळू दिलं. "पन डोळं आबांनी मिटलं. कशाला मिटलं आसतील, ताई? तुमी शिकल्याल्या हायसा. तुमी सांगा."

मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "बिरा, तू घेत होतास का?"

"कुंडीतलं घेत हुतो. पेला कवा परत केला न्हाई."

"मी ते विचारलं नाही."

"मला ठाव हाय तुमी काय इचारलं ते."

बाहेर सायकलवरून कुणीतरी रिकामी किटली घेऊन गेलं. बिरानं त्याला हात केला.

"चार वर्षं जातील. पोलिसातली नोकरी जाईल," मी म्हटलं.

"गेलीच म्हना की."

"एक प्रतिज्ञापत्र दिलंस तर निम्मं वाचेल."

"आन् मग? ती सांगलीची, पुण्याची सायबं तालमीत येतील. गजाची फौजेत भरती हाय. संभाचं, आण्याचं नाव कुस्तीच्या शिबिराला लागलंय. येकेकाला धरून इचारतील. आता मी येकटा घरात बसलोय. मग सगळीच बसतील."

"त्यांनीच घाटावर तुला वेणीवाला म्हटलं."

"ते काय, आदीपास्नंच म्हनत्यात." तो पहिल्यांदा थोडा हसला. "लिहू नगा असं मी म्हनत न्हाई. पन माझ्या तोंडचं म्हनून लिहू नगा."

मी लिहायचा प्रयत्न केला. आमच्या संपादकांचा नियम होता, की आरोप छापायचा तर दोन माणसं नावानिशी लागतात. काकी म्हणाल्या, त्यांना आता नीट आठवत नाही. गजाला मी तालमीबाहेर गाठलं तर तो म्हणाला, "कसली छाती, ताई? मला गजकर्ण झाल्तं तवा." बातमी छापून आली नाही.

समितीनं बिराला पूर्ण चार वर्षांची बंदी घातली. केसाचा अहवाल निकालपत्रात होता, पण त्याच्या विरोधात. निकालाच्या दिवशी त्यानं वारणेवर जाऊन डोकं केलं. दोन वेगवेगळ्या लोकांनी मला ते सांगितलं. एक म्हणाला, आबांचं राहिलं होतं ते फेडलं. दुसरा म्हणाला, आता कशाला ठेवायचे?

नंतर वर्षभरात सुहास पुण्याला गेला आणि तिथं त्यानं व्यायामशाळा काढली. तालीम ओस पडली. बंदी संपली तेव्हा बिराचं कुस्तीचं वय निघून गेलं होतं. गावानं त्याला बोलावून आबांच्या जागी बसवलं, पंचांनी फेटा बांधला. कार्यक्रमाला सुहास पुण्याहून आला होता. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. तो फोटोही मीच काढला.

बिरानं एका कुंडीचा खुराक पुन्हा सुरू केला, आणि त्याआधी एक नवी रीत घातली. तालमीत येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराच्या डोक्याची एक बट पहिला पेला हातात देण्याआधी कापायची. दर सहा महिन्यांनी आणखी एक. पाकिटात घालून, पोराच्या बापाची सही घेऊन, सगळी पाकिटं इनामदारांच्या कचेरीत ठेवायला पाठवायची. उद्या कुणावर बालंट आलं तर मागचं दाखवता यावं, म्हणून. मी त्याला विचारलं, पोरं बिचकत नाहीत का? तो म्हणाला, "देवाला जावळ देत्यात, तवा कोन बिचकतंय?" त्याची बातमी मी केली आणि ती चांगली गाजली. दुसऱ्या जिल्ह्यांतून तालमीची माणसं बघायला यायला लागली. हातकळीच्या दोन पैलवानांचे लघवीचे नमुने मधल्या काळात घेतले गेले. दोन्हींत काही सापडलं नाही.

गेल्या महिन्यात सांगलीला एका लग्नात इनामदार भेटले. ते आता वकिली करत नाहीत, कचेरी मुलगी बघते. जेवताना त्यांनी सहज विचारलं, "देशिंगकर, तुमच्या हातकळीला नवी पोरं येईनाशी झाली का?"

"का? उलट यंदा तिघांची राज्याच्या संघात निवड झाली. तिघंही नवे आहेत."

"त्यांची पाकिटं आमच्याकडे नाहीत. गेल्या दसऱ्यानंतर तिथून एकही पाकीट आलेलं नाही. मला वाटलं, तालीम बंद पडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिराला फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तो सुहासनं.

"वस्ताद नदीला गेलेत, ताई. काही निरोप होता का?"

"तुम्ही कधी आलात?"

"झाले की चारपाच महिने. वस्तादांनीच बोलावलं," तो म्हणाला. "खुराकाचं मी बघतो."